पिर्लो, तोत्ती ही नेहमीची नावं सोडून इटलीच्या कुठल्या मिडफिल्डरचं करिअर वाचण्यासारखं आहे?

दामियानो तोमासी. तुम्ही नेहमीची नावं नको म्हणालात म्हणून नाही, सगळ्यांतून एक निवडा म्हणाला असतात तरी मी हेच नाव घेतलं असतं.

वेरोनाजवळच्या नेग्रारचा माणूस, 1974 चा जन्म, सुरुवात हेलास वेरोना क्लबकडून आणि 1996 ला रोमा क्लबमध्ये आला तो पुढची दहा वर्षं तिथेच. फ्रीकिक, ड्रिबलिंग असलं डोळ्यात भरण्यासारखं काही नाही, पळायचं, बॉल काढून घ्यायचा आणि जवळच्या प्लेअरला द्यायचा. सुरुवातीला घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे, पण कोच झेमानने त्याला खेळवत ठेवलं आणि पुढे तेच लोक त्याच्यावर जीव टाकायला लागले. 2001 ला कापेलो कोच असताना रोमाने लीग जिंकली, 1983 नंतर पहिल्यांदा, हल्ल्याला तोत्ती, बातिस्तुता, मोंतेला आणि उजवीकडून बचावपटू काफू सुटला की थेट समोरच्या बॉक्सपर्यंत जाणार, मग त्याच्या मागे मोकळी पडलेली जागा कोण भरणार? तोमासी. टीमच्या यशात त्याचा वाटा केवढा होता हे गोलच्या आकड्यांवरून अजिबात कळत नाही.

2002 च्या वर्ल्डकपमधली कोरियाविरुद्धची मॅच आठवत असेल, आपल्याकडे संध्याकाळी पाचला होती. एक्स्ट्रा टाइममध्ये तोत्तीला रेड कार्ड, इटलीचे दहाच जण, स्कोअर 1-1, तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता म्हणजे जो आधी मारेल तो जिंकला. व्हिएरीने बॉल पुढे काढून दिला, तोमासी एकटा आत घुसला, कीपरला चुकवून बॉल जाळ्यात, आणि लाइन्समनचा झेंडा वर! ऑफसाइड, म्हणजे पास निघाला तेव्हा तो समोरच्या बचावपटूंच्या पुढे होता असं ठरलं. रिप्ले बघून मला आजही तो ऑफसाइड वाटत नाही. थोड्या वेळाने कोरियाच्या आन जंग ह्वानने हेडरने गोल मारला आणि इटली घरी.

पण मी त्याचं नाव घेतो ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. 2004 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या स्टोक सिटी क्लबबरोबर साधी फ्रेंडली मॅच होती, तिच्यात त्याचा गुडघा इतका वाईट गेला की पुन्हा खेळेल की नाही याचीच शंका. पूर्ण सीझन बाहेर, त्यात 2005 मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. तर याने क्लबला सांगितलं की मला नियमाप्रमाणे जो कमीत कमी पगार द्यावा लागतो तेवढाच द्या, महिन्याला 1500 युरो. लीग जिंकलेला, वर्ल्डकप खेळलेला 31 वर्षांचा प्लेअर, आणि पगार तिथल्या साध्या नोकरदाराएवढा! त्या शरद ऋतूत तो मैदानात परत आला आणि लगेच फिओरेंटिनाविरुद्ध गोलही मारला, तेव्हा अख्ख्या स्टेडियमला काय वाटलं असेल विचार करा.

नंतर स्पेनमध्ये लेवांते, इंग्लंडमध्ये क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स), मग चीनमध्ये तिआनजिन. 2011 मध्ये इटलीच्या फुटबॉलपटूंच्या युनियनचा अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी सेरी आ च्या, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, प्लेअर्सनी संप करून लीगचा पहिला राउंड होऊ दिला नाही. लोक म्हणाले कोट्यधीश कसले संप करतात, पण त्यात एक मोठा मुद्दा होता की क्लबला नकोसा झालेल्या प्लेअरला टीमपासून वेगळं काढून एकट्याला सराव करायला लावायचा की नाही. ज्याने स्वतः 1500 युरोवर सही केली त्याला फक्त पैशासाठी भांडतोय असं कुठल्या तोंडाने म्हणणार? 2022 मध्ये तो वेरोनाचा महापौर म्हणून निवडून आला, तेही उजव्यांचा जोर असलेल्या शहरात डाव्या बाजूच्या पाठिंब्यावर.

खेळ बघायचा असेल तर 17 जून 2001 ची रोमा-पार्मा मॅच पूर्ण मिळवून बघा, हायलाइट्स नको, रोमाचे तिन्ही गोल तोत्ती, मोंतेला आणि बातिस्तुताचे आहेत, त्यात तोमासी काय करतो ते दिसणारच नाही.