लहान मुलांच्या पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची हिरवी उलटी

तुमच्या सहा वर्षांच्या मुलीवर पुण्यात स्कोलिओसिसची, म्हणजे बाजूला वाकलेला कणा सरळ करण्याची, शस्त्रक्रिया होणार आहे, डॉक्टरांनी जंतुसंसर्ग आणि मज्जारज्जूची इजा हे दोन धोके समजावले आहेत, आणि याखेरीज क्वचित होणारे कोणते त्रास आईवडिलांना ओळखता यायला हवेत, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पाठीत सळ्या बसवल्या, तेव्हा जे भोगले आणि नंतर सर्जनांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, ते लिहिते आहे. त्यातला एकच त्रास सविस्तर सांगते, कारण तो बहुधा घरी आल्यावर उघड होतो आणि तेव्हा शेजारी नर्स नसते.

सहाव्या दिवशी आम्ही धायरीला घरी आलो. आठव्या दिवशी मुलगा मऊ वरणभाताचे दोन घास खाऊन 'पोट भरलं' म्हणू लागला आणि नवव्या दिवशी संध्याकाळी त्याला पातेल्यात उलटी झाली, ती पालकाच्या पाण्यासारखी गडद हिरवी होती. जवळच्या डॉक्टरांनी वेदनाशामक औषधांमुळे पित्त झाले असेल असे सांगितले, आणि शौचाला साफ होत असल्यामुळे आम्हीही ते मानले. त्यात दीड दिवस गेला, याची बोच अजून जात नाही.

लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि तिच्यातून फुटून आतड्यांकडे उतरणारी रक्तवाहिनी यांच्या बेचक्यातून आडवा जातो. हा कोन एरवी साधारण ४५ अंशांचा असतो. वाकडा कणा सरळ केला की मुलाची उंची एकाच दिवसात वाढते, ती रक्तवाहिनी ताणली जाते आणि बेचके अरुंद होते. कोन २५ अंशांच्या खाली आला तर आतडे चिमटीत सापडू शकते. बेचक्यातली चरबीची गादी काटकुळ्या मुलांत मुळातच पातळ असते, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन घटले की तीही जाते. यकृतातले हिरवट पित्त आतड्यात उतरते ती जागा या चिमटीच्या अलीकडे आहे, म्हणून उलटी हिरवी होते, आणि खालचे आतडे चालू असल्यामुळे शौचाला होत राहते, म्हणून फसगत होते. याला सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम म्हणतात. पूर्वी अंगभर प्लास्टर घातलेल्या रुग्णांत तो दिसे, म्हणून त्याला कास्ट सिंड्रोम असेही नाव पडले.

इस्पितळात नाकातून पोटात नळी घातल्याबरोबर पिशवीत हिरवे पाणी भरू लागले आणि त्याचा आवळलेला चेहरा माझ्यासमोर सैल झाला. पुढे कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे औषध, देऊन तपासणी झाली, सलाइनमधून पोटॅशियम दिले, आणि अडथळ्याच्या पलीकडे नेलेल्या बारीक नळीतून पातळ आहार सुरू झाला. डाव्या कुशीवर झोपवल्यावर त्याला बरे वाटे. वजन वाढले तसे तोंडाने खाणे जमू लागले. बहुतेक मुलांना पोटाची शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र उशीर झाला तर शरीरातले क्षार घसरतात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

इतर दोन गोष्टी थोडक्यात सांगते. पायांची ताकद शस्त्रक्रियेनंतर लगेच ठीक असूनही पहिल्या ४८ तासांत क्वचित कमी होऊ शकते, तेव्हा मुलगी पायाची बोटे हलवते ना, हे तुम्हीही पाहत राहा आणि फरक वाटला तर त्याच क्षणी सांगा. वाढीसाठी लांबवत नेण्याच्या सळ्या बसवणार असतील, तर त्या पुढे कधी तुटू शकतात. अचानक दुखू लागले किंवा पाठीचा आकार बदलला, तर एक्स-रे काढून घ्या.

मुलगी बारीक असेल, तर तारीख ठरण्याआधीच आहारतज्ज्ञांना भेटून वजन वाढवता येईल का ते सर्जनांना विचारा. घरी जाताना रात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. हिरवी उलटी झालीच, तर तोंडाने काही देऊ नका, उलटीचा फोटो काढा आणि सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडेच न्या.