मॉडेल रेल्वेच्या वाघिणीवर अक्षरांचं ट्रान्सफर लावलं की भोवती पांढुरकी कड का दिसते?

तुम्ही लिहिलंय की बंद वाघिणीचं किट जोडलं, तपकिरी मॅट रंग मारला, पाण्यातून काढून अक्षरं लावली आणि वाळल्यावर प्रत्येक नंबरभोवती चकचकीत चौकोन उमटला. किटमधला डिंक खराब आहे का, आणि नंबर कोणता टाकावा, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

डिंकाला दोष देऊ नका. ती चंदेरी झाक म्हणजे फिल्मखाली, म्हणजे अक्षरं छापलेल्या पारदर्शक पापुद्र्याखाली, अडकलेली हवा. मॅट रंग डोळ्याला सपाट दिसतो, पण नख फिरवून बघा, बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो. त्या खळग्यांमध्ये हवा राहते आणि उजेड पडला की चमकते. मी रबाळ्याला नेमप्लेट छापायच्या कामात बरीच वर्षं काढली. तिथंही हाच धडा होता, खरबरीत पत्र्यावर स्टिकर कधी नीट बसत नाही.

म्हणून अक्षरांच्या आधी ग्लॉस वार्निश. मॉडेल बरणीतल्या गुलाबजामसारखं चकाकायला लागलं तरी घाबरू नका, शेवटी मॅटचा हात द्यायचाच आहे. वार्निश किमान एक रात्र वाळू द्या.

आता ठाण्यातली खरी अडचण. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की स्प्रे कॅनचं लॅकर दुधाळ होतं. द्रावक झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर दव धरतं. माझ्या पहिल्या वाघिणीला जुलैत बाल्कनीत उभं राहून स्प्रे मारला. दहा मिनिटांत अख्खी बाजू ताक शिंपडल्यासारखी. पुढे कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा पातळ हात दिल्यावर बरीचशी निवळली, पण कोपऱ्यातला डाग अजून आहे. पावसाळ्यात काम करायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वार्निश रुंद ब्रशनं लावा. वाळायला वेळ घेतं, पण दुधाळ होत नाही.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीत घालायची बाटली मिळते तीच. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर कडेला रेघ सोडतात, आणि गडद तपकिरी रंगावर ती लगेच दिसते. अक्षराच्या अगदी लगत कापा, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि काढून टिश्यूवर ठेवा. पाण्यात तरंगत सोडलंत तर डिंक धुऊन जातो. मिनिटभरानं ओल्या ब्रशनं हलवून बघा, सरकलं तर तयार. चिमट्यानं उचलून चिकटवू नका. कागद जागेवर टेकवा आणि अक्षर ब्रशनं त्यावरून वाघिणीवर सरकवा. खरं 10 सेंटिमीटरचं अक्षर 1:87 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्शाच्या मॉडेलवर, 1.15 मिलिमीटर होतं, तेव्हा भिंगाशिवाय बसायचा हट्ट धरू नका.

जागा पक्की झाली की टिश्यूच्या टोकानं पाणी टिपून घ्या आणि सॉफ्टनर लावा, मायक्रो सोल किंवा तसलंच काही. फिल्म विरघळल्यासारखी मऊ होऊन बरगड्यांवर, दाराच्या बिजागरीवर बसते. मध्ये ती सुरकुतते. इथे नव्वद टक्के लोक घाबरून बोट लावतात आणि अक्षर फाटतं. हात मागे बांधा, चहा करा, वाळताना ती आपसूक सपाट होते. सॉफ्टनर काही रंगांना खातो, म्हणून आधी वाघिणीच्या पोटाखाली एक थेंब लावून बघा.

तुमची ही वाघीण टाकायची गरज नाही. चमकणाऱ्या जागी बारीक सुईनं चार-पाच टोचे मारा, वर सॉफ्टनर सोडा, तो आत शिरून हवा बाहेर ढकलतो. दोन-तीनदा करावं लागेल. पूर्ण गेली नाही तर मॅटच्या हातानं आणि थोड्या धूळ-गंजाच्या रंगकामानं झाकते. मालगाडीची वाघीण स्वच्छ असते कुठे!

घासून उतरवायची कोरडी अक्षरं मिळाली तर एकच सांगतो, ती लागली की हलत नाहीत. टेपनं कागद पक्का बांधा. चुकलं तर साध्या चिकटपट्टीनं उचलता येतं. देवनागरीत शिरोरेषा तडकते, त्यामुळे नवशिक्यानं ओलीच घ्यावीत.

नंबराचं. किटमध्ये आलेले आकडे कसेही लावू नका, बघणारा कुणीतरी असतोच. भारतीय वाघिणीचा नंबर 11 आकडी असतो: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार क्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. 31 01 05 2341 घ्या, यात 01 म्हणजे मध्य रेल्वे, 05 म्हणजे 2005. पडताळ्याचा आकडा असा काढतात: सम जागांवरचे आकडे 1, 1, 5, 3, 1, बेरीज 11, तिप्पट 33. विषम जागांवरचे 3, 0, 0, 2, 4, बेरीज 9. एकूण 42, पुढचा दहाचा पट 50, फरक 8. तर शेवटचा आकडा 8. ठाणे-वाशी लोकलनं जाता-येता तुर्भ्याच्या मालधक्क्याकडे नजर टाका, खऱ्या वाघिणीवर हे कुठं आणि किती मोठं लिहितात ते कळेल.

आणि दुसऱ्या बाजूलाही तोच नंबर लावा. माझी एक वाघीण येताना वेगळी आहे, जाताना वेगळी.