सोळाव्या भागाच्या खपावरून भांडण्याआधी
फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेच्या चाहत्यांत नवा आलायस, तेव्हा सोळाव्या भागाच्या खपावरून कोणीतरी तुला वादात ओढणारच. ‘पंधरावा एका दिवसात 50 लाख, सोळावा आठवडाभरात 30 लाख, म्हणजे आपटला!’ आकडे खरे आहेत, निष्कर्ष घाईचा. पंधरावा 2016 मध्ये पीएस4 (प्लेस्टेशन 4) आणि एक्सबॉक्स वन अशा दोन्ही गेम कन्सोलवर आला. सोळावा 2023 मध्ये फक्त पीएस5 वर.

शिवाय गेम काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या त्या आकड्यांत दुकानांकडे धाडलेल्या डिस्क आणि डिजिटल विक्री एकत्र धरलेली असते. डिस्क दुकानात धूळ खात पडली तरी ती मोजली जातेच. उलट जपानच्या फामित्सू या गेम मासिकाचा साप्ताहिक विक्री-तक्ता धरतो फक्त तिथली डिस्कविक्री. तो तक्ता नाचवून जगभरातलं अपयश सिद्ध करणाऱ्याच्या नादी लागू नकोस, चहा गार होईल.

पण म्हणून सोळाव्याची वकिलीही करत बसू नकोस. नफा अपेक्षेइतका झाला नाही, हे 2024 मध्ये कंपनीनेच मान्य केलंय. आणि ‘खपला नाही म्हणजे गेम भिकार’ म्हणणारा भेटलाच, तर एवढंच विचार: तू खेळलायस का?