भीतीदायक इंग्रजी कादंबरी वाचताना नवे शब्द लक्षात कसे ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबर लागल्यापासून ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही भयकादंबरी मूळ इंग्रजीतून वाचायला घेतली आहे. पानामागे पंधरा-वीस शब्द अडतात, दरवेळी मोबाईलवर अर्थ बघता, तोवर गोष्टीतली भीती विरून जाते आणि सकाळी शब्दही आठवत नाहीत. पुस्तक बाजूला ठेवून सरळ शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात का, असा तुमचा प्रश्न आहे.

पुस्तक सोडू नका. मी हीच कादंबरी याच दिवसांत, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात जागलीला बसून वाचली. सोयाबीन निघालं होतं, त्या तुकड्यात हरभरा पेरला होता, आणि पेरलेला हरभरा रानडुकरं उकरून खातात म्हणून रात्री मचाणावर कुणीतरी असावंच लागतं. बाजूला डोक्याएवढी तूर. जवळ टॉर्च, घोंगडी आणि एक शंभरपानी वही. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे शब्द अडला की पुढे जाण्यावाचून इलाज नव्हता. मला वाटतं माझं इंग्रजी तिथेच सुधारलं.

शब्द कसे गोळा करायचे हे त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात आहे. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील ट्रान्सिल्व्हानियात घोडागाडीत बसलेला असतो. भोवती जमलेले लोक त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत आपसांत काहीबाही बोलतात. तो गुपचूप पिशवीतून बहुभाषी शब्दकोश काढतो आणि जे शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतायत तेच शोधतो. ऑर्डोग म्हणजे सैतान. पोकोल म्हणजे नरक. स्ट्रेगोइका म्हणजे चेटकीण. आणखी दोन शब्द आहेत, दोन वेगळ्या भाषांतले, पण अर्थ एकच: माणसाचा लांडगा होणारा किंवा रक्त पिणारा. बस, एवढेच शब्द, पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. साऱ्या गर्दीचं सगळं बोलणं त्याने शोधलं असतं तर गाडी निघून गेली असती.

तुम्हीही तसंच करा. अनोळखी शब्द पहिल्यांदा दिसला तर खाली पेन्सिलीने टिंब द्या आणि पुढे जा. तिसऱ्यांदा भेटला की मगच अर्थ बघा आणि वहीत उतरवा. भयकथेत हे फार सोपं जातं, कारण तिचे शब्द फिरून फिरून तेच येतात: अंधार, धुकं, लांडगे, थडगं. लूसी या तरुणीचं आजारपण सुरू झालं की ‘पेल’, म्हणजे पांढरंफटक, हा शब्द पिच्छाच सोडत नाही. मी एका रात्री पाचाच्या वर शब्द घेत नव्हतो.

आता महत्त्वाचं. वहीत शब्दासमोर कोशातला अर्थ उतरवू नका, तुमच्या घरचा शब्द शोधा. ‘डस्क’चा अर्थ कोशात ‘संधिप्रकाश’ मिळतो. बरोबर आहे, पण त्यातून मला काहीच दिसलं नाही. मी तो खोडून ‘दिवेलागण’ लिहिलं. लगेच वावरातून परतणारी बैलं, चुलीचा धूर आणि आजीचं ‘दिव्याच्या वेळेले दारात उभा राहू नोको’ हे सगळं आलं. तो शब्द मग कधी विसरलो नाही.

‘हाउल’चंही तसंच. एका रात्री जोनाथनच्या गाडीभोवती लांडगे जमतात ते पान वाचत होतो आणि पलीकडच्या पांदणीत कुत्रं रडायला लागलं. भुंकणं नव्हतं ते. मान वर करून लांबवलेला, उतरत जाणारा सूर. आपल्याकडे भुंकणं वेगळं, दात दाखवून गुरगुरणं वेगळं, मार बसल्यावर केकाटणं वेगळं, दुखणाईतासारखं इवळणं वेगळं, आणि रात्री रडणं वेगळं. हाउल म्हणजे हे शेवटचं. त्याच रात्री बाकीच्या चारांसमोर बार्क, स्नार्ल, येल्प आणि व्हाइन लिहिले. एका कुत्र्याच्या मागे पाच शब्द आले, कारण ते पाच आवाज मला लहानपणापासून वेगवेगळे ऐकू येत होते. इंग्रजी नावं तेवढी नवी होती.

भीतीच्या शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, तुम्हीही द्या. कोशात ड्रेड, टेरर, हॉरर या सगळ्यांसमोर थोड्याफार फरकाने ‘भीती’च असते. पण डुकरं आज येणार हे ठाऊक असून रात्रभर कान टवकारून बसणं ही ड्रेड, आपली धास्ती. दहा हातांवर तूर खरोखर हलली आणि घशातून आवाज फुटेना, तो टेरर. आणि सकाळी धुऱ्यावर फाडलेली कालवड दिसली, बघवत नाही आणि नजरही हटत नाही, तो हॉरर. भीतीत किळस मिसळली की हॉरर होतो. हा फरक कळल्यावर कादंबरी दुसऱ्यांदा वाचा, वेगळीच वाटेल.

ज्या शब्दांना आपल्या गावात घरच नाही, त्यांचं काय? मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. इंग्लंडमधल्या व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावातल्या वादळाचं प्रकरण आलं आणि जहाजाचे शब्द डोक्यावरून जायला लागले. ते बहुतेक सोडून दिले. पण ‘हेल्म’ राहिला, कारण वादळातून किनाऱ्याला लागलेल्या जहाजाच्या सुकाणूला कप्तानाचं प्रेत बांधलेलं असतं. ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की शब्द आपोआप बसतो.

व्हिटबीतच स्वेल्स नावाचा म्हातारा भेटेल. त्याच्या बोलण्यावर मी एक अख्खी दुपार घालवली, तुम्ही घालवू नका. ती तिथली बोली आहे. स्टोकर 1890च्या उन्हाळ्यात व्हिटबीला राहिला होता, त्याने तिथल्या बोलीतले शब्द टिपून घेतले होते, आणि ते या म्हाताऱ्याच्या तोंडी घातले. (कादंबरी 1897 साली आली. म्हणजे लिहिणाराही आपल्यासारखीच शब्दांची वही बाळगून होता, याचा मला फार आनंद झाला.) आपल्या वऱ्हाडी आजोबांचं बोलणं पुण्याच्या माणसाला जसं अर्धवट कळतं, तसं ते सोडून द्या. लूसीला बघायला येणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगची वाक्यंही घोटू नका, तो डच आहे आणि त्याचं इंग्रजी मुद्दाम मोडकं लिहिलंय. परीक्षेत तशी वाक्यरचना केली तर गुण जातील.

वाचून झाल्यावर बोलायला हवं. जोनाथन ज्याच्या वाड्यावर जातो तो काउंट ड्रॅक्युला स्वतः इंग्रजी पुस्तकांतूनच शिकलेला असतो. शब्द येतात, व्याकरण येतं, पण बोलता येत नाही असं त्याला वाटतं. म्हणून तो जोनाथनला ठेवून घेतो आणि बारीकशी चूकही दाखवायला सांगतो. माझ्याजवळ इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. मी सकाळी घरी आल्यावर आजीला रात्रीची गोष्ट वऱ्हाडीत सांगायचो आणि वहीतले पाच शब्द तेवढे इंग्रजीत तसेच ठेवायचो. आजी कापूस निवडता निवडता विचारायची, ‘इतके लोक नोको जाऊ म्हणून राह्यले, तरी कायले गेला थो तिथं?’ उत्तर देताना कालचे शब्द पुन्हा लागायचे. चार दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, ‘आज थो हाउल नाई आला काय?’

एक गोष्ट तुम्हाला आत्ताच उपयोगी पडेल. ही कादंबरी रोजनिश्या, पत्रं आणि कात्रणं यांतून सांगितलेली आहे, जवळपास प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. सुरुवात 3 मेला, शेवट 6 नोव्हेंबरला, आणि सत्तावीसपैकी शेवटची दहा प्रकरणं 30 सप्टेंबरपासूनची. सध्या जिथे आहात तिथून रोज थोडं जास्त वाचून अठराव्या प्रकरणापर्यंत या आणि मग तारखेने तारीख चला. रोज थोडंच वाचून होतं, आणि आधीच्या प्रकरणांत टिंब दिलेले शब्द तिसऱ्यांदा इथेच भेटतात. सध्या कोणत्या तारखेच्या नोंदीवर आहात ते कळवा, त्यातले कोणते शब्द घ्यायचे आणि कोणते सोडायचे ते माझ्या वहीत बघून सांगतो.