वाचकांचे प्रश्न : ‘डॉक्टर हू’ आणि तर्कांची पारख

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञान-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक ‘डॉक्टर’ नावाचा कालप्रवासी. तो मरणाच्या दारात पोहोचला की त्याची काया पालटते आणि नवा नट तीच भूमिका पुढे नेतो. ही युक्ती १९६६ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली आणि तिच्यामुळेच मालिका तगली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. या वेळची बरीचशी पत्रं २०२५ च्या शेवटच्या भागाबद्दल आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे. उत्तरांत कथांचे शेवट उघड होतात. ज्यांना अजून मालिका पाहायची आहे त्यांनी आधी पाचवा प्रश्न वाचावा.

प्रश्न : ३१ मे २०२५ च्या ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’मध्ये शूटी गाट्वाचा डॉक्टर पालटला आणि बिली पायपरचा चेहरा समोर आला. आमच्या घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, हीच नवी डॉक्टर. सूनबाई म्हणतात, पायपरनेच २००५ मध्ये साकारलेली डॉक्टरची जुनी सोबतीण रोज टायलर परत आली. कोणाचं धरायचं? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : आधी पडद्यावर काय आहे तेवढंच कागदावर उतरवा, तर्क नंतर. डॉक्टरची काया पालटते, पायपर दिसते, एखादा शब्द बोलते आणि भाग संपतो. मग श्रेयनामावली येते, आणि सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. २००५ मध्ये डेव्हिड टेनंट पहिल्यांदा आला तेव्हा ‘इंट्रोड्यूसिंग डेव्हिड टेनंट अ‍ॅज डॉक्टर हू’ अशी ओळ होती. २०१७ मध्ये जोडी व्हिटकरच्या नावापुढेही ‘अ‍ॅज द डॉक्टर’ होतं. पायपरच्या वेळी ‘इंट्रोड्यूसिंग बिली पायपर’ एवढंच आलं, भूमिकेचं नाव नाही. श्रेयनामावली घाईत लिहिली जात नाही. भूमिका गाळली आहे ती जाणूनबुजून.

आता तर्क तपासा. प्रत्येक तर्क खरा ठरायला किती जास्तीच्या गोष्टी गृहीत धराव्या लागतात ते मोजा.

ती रोज असेल तर दोन गोष्टी लागतात. २००८ च्या ‘जर्नीज एंड’मध्ये रोज समांतर विश्वात, डॉक्टरच्या मानवी प्रतिरूपासोबत राहिली. तिथून ती परत कशी आली हे सांगावं लागेल, आणि डॉक्टरची काया पालटत असताना त्याच्याच जागी ती कशी उभी राहिली हेही. ती ‘बॅड वुल्फ’ असेल, म्हणजे २००५ मध्ये टार्डिस या डॉक्टरच्या कालयानाच्या गाभ्यात पाहिल्यावर रोजमध्ये जी शक्ती शिरली ती, तर समांतर विश्वाची अडचण सुटते. २०१३ च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ‘द मोमेंट’ नावाच्या शस्त्राने हाच चेहरा घेतला होता, हा त्या तर्काचा आधार. पण ती शक्ती डॉक्टरच्या देहात कशी आली, हे कोडं उरतंच.

ती डॉक्टर असेल तर फक्त एकच गोष्ट लागते : आधी पाहिलेला चेहरा डॉक्टरला मिळू शकतो. आणि हे मालिकेने पूर्वी केलेलं आहे. कॉलिन बेकर १९८३ मध्ये मॅक्सिल नावाचा अधिकारी होता आणि १९८४ मध्ये डॉक्टर झाला. पीटर कपाल्डी २००८ च्या पॉम्पेईच्या कथेत होता, डॉक्टर झाला २०१३ मध्ये, आणि तोच चेहरा का मिळाला याचं कारण २०१५ मध्ये कथेतच सांगितलं गेलं. टेनंटचा जुना चेहराही २०२२ मध्ये परत आलाच.

म्हणून आमचं मत मुलाच्या बाजूने झुकतं, पण पूर्ण नाही. निर्मात्यांनी दार मुद्दाम उघडं ठेवलं आहे, म्हणजे पुढचा लेखक तिला डॉक्टर ठरवू शकतो किंवा दोन मिनिटांत बाजूलाही करू शकतो. ‘नक्की’ हा शब्द इथे कोणीच वापरू नये, सूनबाईंनी तर नाहीच. २०२२ चा अनुभव आठवा. मे महिन्यात गाट्वाचं नाव जाहीर झालं, सगळ्यांनी धरलं की व्हिटकरनंतर थेट तोच. २३ ऑक्टोबरला पालटून आला टेनंट. घोषणा खोटी नव्हती, मधला एक डॉक्टर तिने झाकला होता. घोषणेत काय म्हटलंय इतकंच काय म्हटलेलं नाही तेही वाचायची सवय त्या वर्षी लागायला हवी होती.

प्रश्न : नावांची अक्षरं उलटसुलट करून गुपितं ओळखता येतात असं मित्र म्हणतो. यात तथ्य किती? (रावपुरा, वडोदरा)

उत्तर : तथ्य आहे, कारण निर्मात्यांनी हा खेळ खरोखर खेळला आहे. १९८२ च्या ‘कॅस्ट्रोव्हाल्व्हा’मध्ये खलनायक मास्टर वेषांतरात होता. त्याचं काम करणाऱ्या अँथनी एन्लीचं नाव छापलं असतं तर गुपित फुटलं असतं, म्हणून ‘नील टॉयने’ असं खोटं नाव दिलं. त्याची इंग्रजी अक्षरं हलवली की ‘टोनी एन्ली’ मिळतं. १९८३ मध्ये ‘जेम्स स्टोकर’ आला. त्यातून ‘मास्टर्स जोक’ निघतो, एकही अक्षर कमी-जास्त न होता.

२००७ मध्ये मात्र चाहते फसले. ‘मिस्टर सॅक्सन’ मधून ‘मास्टर नंबर सिक्स’ काढलं गेलं, त्यातही ‘नंबर’साठी ‘एन-ओ’ हे आखूड रूप घ्यावं लागलं. लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी तो योगायोग असल्याचं सांगितलं. सॅक्सन हाच मास्टर निघाला, पण नावातल्या अक्षरांमुळे नव्हे. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, असं या छंदात फार वेळा होतं, आणि मग चुकीच्या रीतीवर विश्वास बसतो.

२०२४ मध्ये डेव्हिस यांनी हाच विश्वास हेरला. कथेत ‘एस ट्रायड’ नावाची कंपनी होती. एस, टी, आर, आय, ए, डी ही सहा अक्षरं फिरवली की ‘टार्डिस’ होतं. ते कथेतल्या पात्रांनाही दिसलं, आणि चाहते डॉक्टरची नात सुसान हिच्या मागे लागले, कारण कंपनीची मालकीणही सुसानच. खरं उत्तर कानाला लागणारं होतं. ‘सू’ आणि ‘टेक’ एकत्र म्हटलं की ‘सुटेख’, म्हणजे १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधला खलनायक. आमिष अक्षरांचं होतं, उत्तर उच्चारात.

तेव्हा नाव हाती आलं की आधी विचारा, लपवण्यासारखं काही आहे का? १९८२ मध्ये होतं. मग सगळी अक्षरं वापरली गेली का ते बघा. एखादं उरलं किंवा आखूड रूप घ्यावं लागलं तर तो तर्क सोडा, कारण दहा-अकरा अक्षरांच्या नावातून काही ना काही अर्थपूर्ण निघतंच. आणि नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहा. शिवाय कोडं फारच लवकर सुटलं तर सावध व्हा, ते सोडवण्यासाठीच ठेवलेलं असू शकतं.

एक पुरवणी. अलीकडच्या पर्वांतली गूढ शेजारीण मिसेस फ्लड ही ‘राणी’ आहे असं बरेच जण म्हणत होते आणि १७ मे २०२५ ला ते खरं निघालं. पण राणी ही १९८५ पासूनची खलनायिका, आणि २००५ नंतर आलेल्या जवळपास प्रत्येक गूढ स्त्रीवर हाच तर्क लावला गेला होता. एकच अंदाज पुन्हा पुन्हा बांधला तर एकदा लागणारच. त्याला पुरावा म्हणता येत नाही.

प्रश्न : डॉक्टरची काया बाराच वेळा पालटते ना? मग अजून चालू कसं? (मांजलपूर, वडोदरा)

उत्तर : बाराची मर्यादा १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये आली. मोजताना दोन जागी चूक होते : जॉन हर्टचा युद्धकाळातला डॉक्टर राहतो, आणि २००८ मध्ये टेनंटने चेहरा न बदलता खर्च केलेला एक पालट राहतो. दोन्ही धरले की मॅट स्मिथ हा शेवटचा ठरतो. २०१३ च्या नाताळच्या भागात त्याला नवं चक्र मिळालं, त्यात किती पालट ते सांगितलेलं नाही. २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ने तर डॉक्टरची आधीची विसरलेली आयुष्यंही आणली. हा बदल चाहत्यांना सर्वांत जास्त खुपला आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण मोजदादीपुरतं पाहिलं तर आता मर्यादा अडसर उरलेली नाही.

प्रश्न : आकडे पडले, मालिका बंद होणार, असं सगळीकडे ऐकू येतं. (कारेलीबाग, वडोदरा)

उत्तर : आकडा ऐकलात की तो कुठला ते विचारा. रात्रीचा आकडा म्हणजे प्रक्षेपणाच्या दिवशीच पाहिलेले. सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा आकडा वेगळा, त्यात नंतर पाहिलेलेही येतात. २०२४ आणि २०२५ मध्ये बहुतेक भाग बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर टीव्हीच्या कित्येक तास आधी यायचे, त्यामुळे उत्सुक प्रेक्षक आधीच पाहून मोकळे. त्या वर्षांचा रात्रीचा आकडा २००८ च्या रात्रीच्या आकड्याशेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. घट झालीच नाही असं आम्ही म्हणत नाही. तुलना सारख्याची सारख्याशी करा, एवढंच.

बंद पडण्याबद्दल इतिहास वेगळंच सांगतो. १९८५ मध्ये बीबीसीने अठरा महिन्यांची विश्रांती जाहीर केली तेव्हा चाहत्यांनी गदारोळ केला आणि मालिका परतली. १९८९ मध्ये कसलीही ठळक घोषणा झाली नाही. ६ डिसेंबरला शेवटचा भाग लागला आणि पुढचं पर्व आलंच नाही. मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट, नियमित मालिका थेट २६ मार्च २००५ ला. म्हणजे आवाज झाला तेव्हा ती वाचली, शांततेत गेली. म्हणून लोक काय बोलतात यापेक्षा तीन गोष्टी पाहा : पुढचा भाग मंजूर झाला का, पैसा कोणाचा, लेखक कोण. डिस्ने प्लस भागीदारीतून बाहेर पडल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच वेळी बीबीसीने २०२६ च्या नाताळचा विशेष भाग डेव्हिस लिहिणार असल्याचं सांगितलं. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं, तेही एका भागापुरतं. त्यापलीकडचं सगळं अंदाज.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण एकत्र बसून पाहणार आहोत. अर्ध्यांनी काहीच पाहिलेलं नाही. कमीत कमी काय दाखवावं, आणि वेळेचं गणित कसं? (सयाजीगंज, वडोदरा)

उत्तर : पायपरबद्दलच्या चर्चेत भाग घ्यायचा तर हे आठ भाग, याच क्रमाने : ‘रोज’, ‘बॅड वुल्फ’, ‘द पार्टिंग ऑफ द वेज’ (तिन्ही २००५), ‘डूम्सडे’ (२००६), ‘द स्टोलन अर्थ’ आणि ‘जर्नीज एंड’ (२००८), ‘द डे ऑफ द डॉक्टर’ (२०१३), ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ (२०२५). पहिले पाच पाऊण तासाच्या आसपास, शेवटचे तीन प्रत्येकी एका तासाहून जास्त. सगळे मिळून सव्वासात तासांच्या आसपास. एका दिवसात उरकू नका. ‘डूम्सडे’ नंतर थांबा, तो भाग मनावर बसायला वेळ लागतो आणि त्याच्याशिवाय शेवटच्या चेहऱ्याचं मोल कळत नाही. उरलेले पुढच्या रविवारी. श्रेयनामावली येताच पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा, नाहीतर वर सांगितलेली ओळ दिसायच्या आत निघून जाईल.

वेळ : ब्रिटनची वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्या साडेचार तास मागे, बाकी वर्षभर साडेपाच तास मागे. नाताळला साडेपाच धरा. तिथे संध्याकाळी ५:३० म्हणजे इथे रात्रीचे ११. तुम्ही सकाळी पाहणार असाल तर रात्रीच फोनवरच्या गटांच्या सूचना बंद करा. गुपितं मजकुरापेक्षा छोट्या चित्रांतून जास्त फुटतात.

प्रश्न : हरवलेले जुने भाग परदेशातल्या कुठल्याशा गोदामात सगळे सापडलेत आणि बीबीसी लपवतेय, असं वाचलं. (प्रतापनगर, वडोदरा)

उत्तर : साठच्या दशकातल्या फिती बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे नव्वदीच्या घरातले भाग चित्रासह हरवले. जे परत आले त्यांतले बरेच परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतींमधून. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग मिळाले, त्याने ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ पूर्ण झाली आणि ‘द वेब ऑफ फिअर’चा एकच, तिसरा भाग उरला. अशी बातमी खरी असते तेव्हा ती मोघम नसते. कुठल्या कथेचा कितवा भाग, कुठल्या देशाला गेलेली प्रत, चित्र आणि आवाज दोन्ही आहेत का, हे सांगता येतं. ‘सगळे सापडले’ हे वाक्य पहिल्याच कसोटीवर पडतं, कारण २५ डिसेंबर १९६५ चा ‘द फीस्ट ऑफ स्टीव्हन’ हा भाग परदेशी विक्रीसाठी कधी ठेवलाच नव्हता. तो परदेशी गोदामात असायचं कारणच नाही.

आवाज मात्र प्रत्येक हरवलेल्या भागाचा शिल्लक आहे. प्रक्षेपण चालू असताना घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीवरून तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, आणि बीबीसीने पुढे त्याच आवाजावर अ‍ॅनिमेशन करून अनेक कथा काढल्या. सुरुवात करायची असेल तर ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ पाहा. पॅट्रिक ट्राउटनची ही पहिली कथा, सहाही भाग हरवलेले, २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशनसह आली. आपल्या डॉक्टरचा चेहरा पहिल्यांदाच बदलल्यावर सोबतची पात्रं त्याच्याकडे किती संशयाने पाहतात, ते तिथे आवाजातूनच नीट कळतं.