वाचकांचे प्रश्न: गाडीची चौकशी करणारा गिऱ्हाईक मेसेजला उत्तर का देत नाही?

प्रश्न : नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ माझा जुन्या गाड्यांचा व्यवसाय आहे. ऑनलाइन चौकशा भरपूर येतात. प्रत्येकाला आम्ही सगळ्या गाड्यांची यादी, पत्ता आणि फायनान्सची माहिती पाठवतो, पण फार थोडे उत्तर देतात. चुकतंय कुठे?

उत्तर : चूक यादीत आहे. ज्याने एका गाडीबद्दल विचारलं, त्याला त्याच गाडीचं उत्तर हवं असतं. त्याने तीच चौकशी आणखी दोन-तीन ठिकाणी केलेली असते, म्हणून पहिला मेसेज काही मिनिटांत जायला हवा. त्यात एवढंच लिहा : "नमस्कार, तुम्ही विचारलेली 2019 ची स्विफ्ट आहे. फर्स्ट ओनर, एमएच-15, 48,000 किमी. बघायला आज संध्याकाळी येता की उद्या सकाळी?" खाली पाठवणाऱ्याचं नाव. शेवटचा प्रश्न असा हवा की एका शब्दात उत्तर देता येईल. "काही मदत हवी असल्यास कळवा" या वाक्याला कोणी उत्तर देत नाही.

"लास्ट प्राइस काय?" असा उलट प्रश्न आला तर मागणीची किंमत स्पष्ट लिहा, ट्रान्सफरचा खर्च त्यात आहे की वेगळा, तेही लिहा. किंमत लपवली की माणूस पुढच्या दुकानात जातो. मात्र घासाघीस मेसेजवर करू नका, ती गाडीसमोरच होऊ द्या. आणि गाडी दाखवण्याआधी टोकन मागू नका. ऑनलाइन फसवणुकीमुळे लोक धास्तावलेले आहेत, तेवढ्यावरूनच विश्वास जातो.

उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा लिहा, पण दर वेळी काहीतरी नवं द्या : थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, सर्व्हिस रेकॉर्डचा फोटो, विम्याची मुदत, टायरची स्थिती. कर्ज फिटून आरसीवरचा बोजा उतरला असेल तर ते आवर्जून सांगा. बरेचसे व्यवहार तिथेच अडकतात. निफाड-दिंडोरीचा बागायतदार "द्राक्षं निघाल्यावर बघू" म्हणाला तर तो नकार नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्याच्या चॅटला 'हंगामानंतर' असं लेबल लावा, आणि काढणी आटोपल्यावर, एप्रिलमध्ये, संध्याकाळी लिहा.

प्रश्न : एक मराठी एसएमएस पाठवला की तीन मेसेजचे पैसे कापले जातात. असं का?

उत्तर : इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यापुढे गेलं की 67-67 चे तुकडे पडतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'द्राक्ष' दिसायला दोन अक्षरांचा, मोजायला सात. "गाडी उपलब्ध आहे. आज सहा की उद्या अकरा, कधी येता?" हे 48 मध्ये बसतं. इंग्रजी मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी पूर्ण मेसेजला 70 चीच मर्यादा लागते.

प्रश्न : सेल्समनच्या साध्या नंबरवरून सगळ्यांना ऑफर पाठवली तर चालेल?

उत्तर : नाही. जाहिरातीचे एसएमएस पाठवायला डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, कंपनी, हेडर (मेसेज ज्या नावाने दिसतो ते) आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर नमुन्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून लिंकही आधी मंजूर असावी लागते. साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवलेल्या जाहिरातीविरुद्ध लोक 1909 या नको असलेल्या मेसेजच्या तक्रारींच्या नंबरवर तक्रार करतात. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांत 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी आउटगोइंग 15 दिवस बंद, पुन्हा घडल्यास सगळी कनेक्शनं वर्षभरासाठी तुटतात.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून गिऱ्हाईक गाडी बघायला आला की तिथेच त्याला नंबर सेव्ह करायला सांगा, आणि पुढे ऑफर पाठवल्या तर चालतील का, हेही विचारून घ्या.