‘अहो पिल्लू’ का म्हणता येत नाही?

विचारणा अशी आहे: भाचीचं लग्न ठरलंय. ती आणि तिचा होणारा नवरा एकमेकांना ‘पिल्लू’, ‘बाळा’, ‘शोना’ म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, हे सगळं इंग्रजी ‘बेबी’चं अनुकरण आहे, मराठीत नवरा-बायकोसाठी लाडाचे शब्द कधी नव्हतेच. हे खरं आहे का? आणि हाक मारताना ‘पिल्लू’ बरोबर की ‘पिल्ला’?

शब्द नव्हते हे मला अजिबात मान्य नाही. गोंधळ होतो तो शोधण्याच्या जागेमुळे. लाडाचा शब्द म्हटलं की आपण एखादं गोड नाम शोधायला लागतो. मराठी जोडप्यांनी माया ठेवली ती बहुतेक वेळा नामात नाही, तर हाकेच्या अव्ययात, सर्वनामात, क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात आणि नपुंसकलिंगात.

‘अहो’ घ्या. कोशात पाहिलं तर आदरार्थी संबोधन, एवढंच. पण ज्या घरात चाळीस वर्षं ‘अहो’ चाललं आहे तिथे जरा कान देऊन बसा. चहा झाला हे सांगणारं ‘अहोऽऽ’ शेवटी लांबतं. कुकरची शिट्टी मोजायला सांगितली होती आणि मोजली नाही, तेव्हाचं ‘अहो!’ तुटक येतं. पाहुण्यांसमोर नवरा भलतंच बोलून गेला की खालच्या पट्टीतलं ‘अहो…’ येतं, आणि त्याच्यापुढे दुसरा शब्द लागतच नाही. ‘अहो, ऐका ना’ मधलं ‘ना’ तर सगळं बळ स्वतःकडे ओढून घेतं. परक्या माणसालाही आपण ‘अहो’ म्हणतो, पण दुकानदाराला मारलेलं ‘अहो’ आणि हे ‘अहो’ यांत गल्लत होत नाही. घरातल्या ‘अहो’ला घरातूनच ‘ओ’ येते.

तसंच ‘ऐकलंत का’. यातला शेवटचा ‘त’ हा ‘तुम्ही’चा. ‘ऐकलंस का’ म्हटलं की ‘स’ येतो आणि माणूस एकेरीवर येतो. एका अक्षरावर नात्याचं अंतर ठरतं, त्यामुळे गोड नामाची गरज तितकीशी पडत नव्हती. (अशी अव्ययं मराठीत फार जुनी आहेत. ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला ‘अगा’ म्हणतात. आज ‘अगं’ फक्त बाईला, पण वऱ्हाडात पुरुषाला ‘काय गा’ आणि बाईला ‘काय वं’ अजून ऐकू येतं.)

मग सर्वनाम. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत होती, हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर भाषेनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. ‘ते’ न म्हणता ‘हे’ म्हटलं. ‘ते’ दूरचा, ‘हे’ जवळचा. माणूस गावाला गेलेला असला तरी ‘आमचे हे’. त्याहून पुढचं म्हणजे ‘इकडे’. ‘इकडची स्वारी’, ‘इकडून परवानगी असेल तर’, ‘इकडून येणं कधी झालं?’ इथे माणसाचा उल्लेखच नाही, नुसती दिशा आहे. ती दिशाही बोलणारीच्या बाजूची. याला धाक म्हणायचं की जवळीक? माझ्या मते दोन्ही एकत्र होतं, आणि जुन्या नात्यात ते वेगळं काढता येत नव्हतं.

छापील पुस्तकांत याचे दोन टोकांचे नमुने आहेत. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ 1910 साली प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्ती रानड्यांचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. नवरा म्हणजे ‘स्वतः’! आजच्या वाचकाला आधी वाक्य अडतं, बोलणारीनं हे स्वतःबद्दल म्हटलंय असं वाटतं, मग लक्षात येतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मात्र नवऱ्याला सरळ आडनावानं ‘टिळक’ म्हटलं. गोडपणाचं एकही विशेषण न लावता त्या ‘टिळक’मध्ये किती कौतुक, किती त्रागा आणि किती जीव मावलाय हे ते पुस्तक वाचलेल्यांना सांगायला नको.

नाव घ्यायचं नाही या नियमातूनच नाव घ्यायचा सोहळाही निघाला, तो उखाण्याचा. ‘महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून, अमुकरावांचं नाव घेते तमुकांचा मान राखून.’ पुरुषांकडून ठरलेला उखाणा म्हणजे ‘भाजीत भाजी मेथीची, अमुक माझ्या प्रीतीची.’ ‘प्रीती’ हा शब्द एरवी घरात कुणी उच्चारत नसे, तो चारचौघांत मेथीच्या आडून उच्चारता येई. उखाण्यातला ‘राव’ आणि लावणीतला ‘राया’ एकाच शब्दाची पोरं आहेत. संस्कृत ‘राजन्’, प्राकृतात ‘राअ’, ‘राय’, तिथून मराठीत ‘राव’ही आला आणि ‘राया’ही. सासूसासऱ्यांसमोर ‘राव’, एकांतात ‘राया’. बायकोसाठीची ‘राणी’ही त्याच घराण्यातली, ‘राज्ञी’पासून आलेली.

गावाकडे शब्दांची रेलचेल जास्त. धनी, घरधनी, मालक, कारभारी. बायको कारभारीण. पश्चिम महाराष्ट्रात ‘काय मंडळी’ अशी एकट्या बायकोला मारलेली हाक मी कौतुकानं ऐकली आहे. मालवणीत नवरा ‘घोव’, बायकोला हाक ‘अगो’. गोव्यात कोकणीत ‘मोग’ म्हणजे प्रेम, आणि ज्याच्यावर प्रेम त्यालाच ‘मोगा’ म्हणायचं. पोरं झाली की ‘बाळूचे बाबा’, ‘बाळूची आई’. केस पिकले की ‘म्हातारे’, ‘आमचा म्हातारा’. शेवटचे दोन शब्द मला सगळ्यांत गोड वाटतात. ते म्हणण्याचा हक्क मिळायला जन्म जावा लागतो.

मात्र हाक आणि उल्लेख यांत फरक करायला हवा. ‘कुटुंब’, ‘सौ.’, जुन्या कागदांतला ‘कबिला’, आताचं ‘होम मिनिस्टर’ हे सगळे तिसऱ्या माणसाला सांगतानाचे शब्द. ‘अहो कुटुंब’ अशी हाक कुणी मारत नाही. उलट ‘प्रिये’, ‘नाथ’, ‘प्राणसखे’ या हाका खऱ्या, पण त्या संगीत नाटकाच्या रंगमंचावर आणि पत्रांत राहिल्या, स्वयंपाकघरात उतरल्या नाहीत. संस्कृत नाटकात पत्नी पतीला ‘आर्यपुत्र’ म्हणते. आर्य म्हणजे सासरे, त्यांचा मुलगा. तिथेही नाव टाळलेलंच.

आता मुख्य मुद्दा. वर आलेली नवऱ्यासाठीची नामं पाहा: राया, धनी, मालक, कारभारी. सगळी वर बघणारी. म्हणून ती ‘अहो’बरोबर सहज बसतात: ‘अहो धनी’, ‘अहो कारभारी’, ‘अहो राया’. आता ‘अहो पिल्लू’ म्हणून पाहा. ‘अहो बाळा’ म्हणून पाहा. जीभ अडते. पिल्लू, बाळ, सोनू, चिमणी हे लहान करणारे शब्द आहेत, त्यांना ‘ए’, ‘अरे’, ‘अगं’ लागतं. नवऱ्याला ‘अहो’ होतं तोवर अशा शब्दांना त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती. बायकोला ‘अगं’ असल्यामुळे तिच्याकडे जाणारी वाट नेहमीच मोकळी होती. गेल्या काही दशकांत शहरांतून बायका नवऱ्याला नावानं आणि ‘अरे’नं हाक मारू लागल्या, आणि ती वाट दोन्ही बाजूंनी मोकळी झाली. ‘पिल्लू’ वाढलं ते त्यामुळे. ‘बेबी’नं, हिंदीतल्या ‘बच्चा’नं ढकललं असेल, नक्कीच ढकललं, पण दार आतून उघडलं गेलं नसतं तर तो शब्द उंबऱ्याबाहेरच राहिला असता.

शिवाय प्रियकराला ‘बाळा’ म्हणणं हे आपल्याकडे परकं नाही. महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतला, जुना कवितासंग्रह गाथासप्तशती उघडा. सातवाहन राजा हाल यानं ती संकलित केली असं परंपरा सांगते. तिच्यात नायकाला उद्देशून दोन हाका पुन्हा पुन्हा येतात. एक ‘सुहअ’, म्हणजे सुभग, देखण्या. दुसरी ‘बालअ’, म्हणजे बालका, बाळा. कधी नायिका असं म्हणते, कधी तिची दूती. त्या ‘बालअ’त लाड आहे, आणि ‘अरे, तुला काही कळत कसं नाही’ अशी तक्रारही आहे. आजचं ‘अरे बाळा, असं काय करतोस’ याच्या अगदी शेजारचं. म्हणजे इंग्रजीचा वाराही लागला नव्हता तेव्हा गोदावरीकाठच्या कवितेत प्रियकर ‘बाळ’ होता. नवरा तेव्हाही सहसा नसावा, प्रियकर होता.

बायकोला लहान करण्याची रीत तर औपचारिक पत्रांतही होती. जुन्या वळणाच्या पत्रात नवरा बायकोला ‘चि. सौ.’ लिहून आशीर्वाद द्यायचा, म्हणजे लेकराला लिहावं तसं, आणि बायको उलट साष्टांग नमस्कार लिहायची. त्या ‘चि.’पेक्षा दोघांनी एकमेकांना ‘पिल्लू’ म्हणणं मला कितीतरी बरं वाटतं. लहान व्हायचं तर दोघांनीही व्हावं.

आता नपुंसकलिंग. मराठीचं हे मोठं भांडवल आहे, आणि हिंदीकडे ते नाही. पिल्लू, पाखरू, लेकरू, कोकरू, वासरू, शिंगरू: जे लहान, ज्याला हातात घ्यावंसं वाटतं, ते ‘ते’. लाडात आलं की आपण माणसालाही या लिंगात ढकलतो. ‘वेडं माझं’, ‘खुळं कुठलं’, ‘सोनं माझं ते’. नुसती नामं नाहीत, क्रियापदंही. बायको रुसून खिडकीशी बसली आहे, नवरा समोर उभा आहे आणि तिच्याशीच बोलताना म्हणतो, ‘कुणीतरी रुसलंय वाटतं!’ रुसली नाही, रुसलंय. समोरच्या माणसाला तिसरा पुरुष केलं, वर नपुंसकलिंगात घातलं. आणि तीही तशीच उत्तर देते, ‘कुणाला काही पडलेलीच नाही.’

आता हे ‘रुसलंय’ आणि मघाचं ‘इकडून येणं झालं?’ शेजारी ठेवा. तिथेही समोरच्याला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही, आणि ‘येणं झालं’ हेही नपुंसकलिंगच. व्याकरणाची युक्ती एकच. पणजीनं ती मान राखायला वापरली, पणती ती लाडीगोडीला वापरते. हे मला कळलं त्या दिवसापासून ‘जुनी मराठी रुक्ष होती’ असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

‘पिल्लू’ की ‘पिल्ला’? व्याकरणाच्या चालीप्रमाणे ‘पिल्ला’. पाखरू, पाखरा. लेकरू, लेकरा. बाळ, बाळा. तसंच पिल्लू, पिल्ला. आई मुलाला कुशीत घेऊन ‘माझ्या पिल्ला’ म्हणते ते नियमानुसारच. पण जोडीदाराला मारलेल्या हाकेतलं ‘पिल्लू’ बदलत नाही, कारण ते आता सामान्यनाम राहिलेलं नाही, टोपणनाव झालंय. बाळू, बंडू, सोनू, चिनू ही ऊकारान्त नावं हाक मारताना तशीच राहतात, त्या रांगेत ‘पिल्लू’ जाऊन बसलं. म्हणून भाचीचं ‘ए पिल्लू’ चूक नाही. तिनं कधी लाडानं ‘पिल्ला’ म्हटलं तर तेही सुंदरच. शब्द मात्र अस्सल आपला. त्याचं कूळ दक्षिणेकडचं मानलं जातं. तेलुगूत ‘पिल्ल’ म्हणजे मुलगी, तमिळमध्ये ‘पिळ्ळै’ म्हणजे मूल. ‘शोना’ बंगालीतून आला, आणि तोही आपलं ‘सोनं’च. ‘जानू’ हिंदी-उर्दूकडचा. हे पाहुणे आहेत, राहू देत. माझी विनंती एवढीच, की त्यांच्या नादात ‘गडे’ विसरू नका. गडी म्हणजे सवंगडी, त्या घरातलं हे ‘गडे’. ‘नको ना गडे’ मधली विनवणी दुसऱ्या कुठल्या शब्दात येते ते मला सांगा.

आणि ‘अहो’ गेलं असंही समजू नका. आता त्याचं नाम झालंय. लग्नानंतर नवऱ्याला बिनदिक्कत ‘अरे’ म्हणणाऱ्या मुली त्याचा नंबर फोनमध्ये ‘अहो’ या नावानं ठेवतात. वाढदिवसाला ‘माझ्या अहोंना शुभेच्छा’ लिहितात. अहोंना, अहोंनी, अहोंचा: संबोधनाचं अव्यय, त्याला विभक्ती लागली, सामान्यरूप झालं, आदरार्थी अनेकवचनाचा अनुस्वारही आला. पाठोपाठ सासूबाईंसाठी ‘अहो आई’ रुळलं, जन्मदात्या आईच्या ‘ए आई’पासून वेगळं ओळखू यावं म्हणून. कोशकारांनी ‘अहो’पुढे आता ‘अव्यय’बरोबर ‘नाम, पुल्लिंग’ असंही लिहायला हवं.